दिवाळीपर्यंत थांबू नका, १८ सप्टेंबरच्या आत तक्रार दाखल करा

नागपूरच्या महाल भागात डीटीपी (कम्प्युटरवर मजकूर-मांडणी) आणि कलर प्रिंटिंगचं छोटं ऑफिस चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मशीनचं मॉडेल तेवढं बदलतं, बाकी अशी पत्रं वर्षभर येतच असतात. ३ लाख ८५ हजारांचं कलर झेरॉक्स मशीन कर्जावर घेतलं. बिलाला येत्या १८ सप्टेंबरला दोन वर्षं पूर्ण होतील. घेतल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, डिसेंबरात, लग्नपत्रिकेवरचा लाल गणपती नारिंगी उमटू लागला आणि त्यावर ठरावीक अंतराने फिकट पट्टे दिसू लागले. इंजिनीअर येतो, काहीतरी पुसतो, कॅलिब्रेशन म्हणजे रंगांची जुळणी करतो, चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर ताईंनी डीलरच्या सांगण्यावरून एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घेतली. आता डीलर म्हणतो, ड्रम आणि बेल्ट (चित्र कागदावर उतरवणारे फिरते भाग) एएमसीत बसत नाहीत, आणि मुळात दोष तुमच्या कूलरच्या दमट हवेचा आहे. त्याने तोंडी असंही सांगितलं आहे की दिवाळीनंतर कंपनीचा माणूस येईल, मशीन बदलूनच देऊ. ताई विचारतात: तोवर थांबू का? हप्ते बंद करू का? पोलिसांत जाऊ का?

ताई, थांबू नका. तुमच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका उत्तरात आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या न्यायालयापुढे, तक्रार दाखल करावी लागते. हे कारण नेमकं कधी घडलं यावर वाद होऊ शकतो. तुमच्या बाजूने म्हणता येईल की दोष डिसेंबरात दिसला, म्हणून मुदत डिसेंबरपासून मोजा. समोरचा वकील म्हणेल, तुमच्याच म्हणण्यानुसार दोष मुळातला आहे, म्हणजे तो मशीन दारात उतरलं त्या दिवशीही होता, तेव्हा मुदत बिलापासून मोजा. यात कोण जिंकेल ते मी आज सांगणार नाही, कारण १८ सप्टेंबरच्या आत तक्रार दाखल झाली तर हा वाद उद्भवतच नाही. डीलरचं ऐकून दिवाळीनंतर जागे झालात, तर पहिले सहा महिने भांडण मशीनवर होणार नाही, मुदतीवर होईल.

नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. फोन, व्हॉट्सॲप, इंजिनीअरची फेरी, एएमसीचं नूतनीकरण, यांपैकी कशानेही ती नव्याने सुरू होते असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, भारतीय स्टेट बँकेच्या एका प्रकरणात, जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की तक्रार दाखल करून घेण्याआधी ती मुदतीत आहे का हे आयोगाने स्वतःहून तपासलंच पाहिजे. समोरच्याने मुद्दा काढला नाही तरीही. उशीर माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं, आणि ‘डीलर गोड बोलत होता’ हे कारण किती टिकेल याची मला खात्री नाही.

आता पुराव्याकडे येते, आणि इथे मला तुमच्यावर थोडं रागवायचं आहे. तुम्ही कॉल रिपोर्टचे, म्हणजे इंजिनीअर दर फेरीला भरतो त्या कागदांचे, फोटो पाठवले आहेत. वरच्या रकान्यात ‘लाल रंग बरोबर येत नाही, पट्टे’ असं लिहिलेलं आहे. खाली ‘मशीन ओके, ग्राहक समाधानी’. आणि त्याच्याखाली तुमची सही, प्रत्येक रिपोर्टवर. ताई, ग्राहक आयोगात बहुतेक निकाल शपथपत्र आणि कागदपत्रांवरच होतात. इंजिनीअर घाईत आहे, गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे, म्हणून न वाचता केलेली सही उद्या समोरच्याचा सगळ्यात भक्कम कागद ठरते. यापुढे सही करण्याआधी स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘दोष कायम, नमुना प्रिंट जोडली, मीटर रीडिंग (मशीनने छापलेल्या पानांचा आकडा) अमुक’. इंजिनीअर नाही म्हणाला तर त्याच वेळी कंपनीला ईमेल करा.

जुन्या सह्यांचं काय? त्या पुसता येणार नाहीत, पण सगळे रिपोर्ट तारखेने लावले की त्यांतून दुसरंच चित्र दिसतं. एकच तक्रार पुन्हा पुन्हा, दर वेळी ‘ओके’, आणि काही आठवड्यांत पुन्हा तीच. दुरुस्त न होणारा दोष असाच दिसतो. म्हणून एकही कागद लपवू नका.

कूलरच्या सबबीला उत्तर मशीनकडूनच घ्या. कागद बंद रिममधून ताजा काढा, ७५ किंवा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप), आणि पॅनेलवर कागदाचा प्रकार ‘साधा’ ठेवा. जाड कार्डाला पातळ कागदाचं सेटिंग राहिलं तर टोनर, म्हणजे रंगाची पूड, नीट भाजला जात नाही आणि बोटाने निघतो. तो दोष मशीनच्या माथी मारता येणार नाही. मग कम्प्युटरवरून नाही, काचेवर कागद ठेवूनही नाही, मशीनच्या स्वतःच्या मेनूतून रंगांचं टेस्ट पेज काढा. झेरॉक्समध्ये पट्टा आहे आणि टेस्ट पेज स्वच्छ आहे, तर स्कॅनरची काच किंवा फीडरखालची अरुंद पट्टी मळलेली असणार. फक्त कम्प्युटरच्या प्रिंटमध्ये गडबड असेल तर फाइल किंवा ड्रायव्हरचं सेटिंग. अशा वेळी केस करू नका, काच पुसून घ्या. टेस्ट पेजवरही तेच आलं तर दोष छापणाऱ्या भागात आहे.

त्या पेजवर चार रंगांच्या वेगवेगळ्या पट्ट्या असतात. छपाईत लाल रंग मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा मिळून होतो. लाल नारिंगी येतो म्हणजे मॅजेंटा कमी पडतोय. पिवळी, निळी आणि काळी पट्टी ठीक आणि मॅजेंटाचीच फिकट असेल, तर त्या रंगाचा ड्रम, डेव्हलपर (टोनर ड्रमवर चढवणारा भाग) किंवा टोनर पोचवणारा भाग संशयात येतो. दमट कागद साधारणपणे सगळ्याच रंगांना त्रास देतो, एकट्या मॅजेंटाला वेचून नाही. नागपुरात डिसेंबरात कूलर कोण लावतं, हा प्रश्नही तक्रारीत लिहा; तुमची पहिली तक्रार डिसेंबरची आहे. फिकट पट्ट्यांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर त्याचा घेर साधारण ९४ मिलिमीटर येतो. दोष बरोबर तेवढ्या अंतराने उमटत असेल तर तो त्या ड्रमच्या प्रत्येक फेरीबरोबर येतोय. तुमच्या मॉडेलच्या ड्रमचं माप एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकला विचारा आणि त्याचं शपथपत्र घ्या. टेस्ट पेजवर तारीख, मीटर रीडिंग आणि सही हवी. गरज पडल्यास आयोग कलम ३८ खाली तपासणी करवू शकतो, पण तेवढ्या एका आशेवर बसू नका.

तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की मधे बाजारातून टोनर भरून घेतला. हे वाचून मी कपाळाला हात लावला. वॉरंटीच्या कागदावर ‘कंपनीचाच टोनर’ ही अट बहुधा असतेच. पण कधी भरला याला महत्त्व आहे. पहिली तक्रार आधीची आणि बाहेरचा टोनर नंतरचा असेल, तर दोष त्या टोनरमुळे आला असं म्हणणं अवघड जाईल. कंपनीच्या टोनरची जुनी बिलं आजच शोधा.

मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. कायद्यात अपवाद आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या निकालात हा अपवाद समजावताना टाइपरायटरचंही उदाहरण घेतलं आहे, आणि ते तुमच्या कामाच्या फार जवळचं आहे. तुम्ही आणि तुमचा भाऊ मशीन चालवता, पगारी माणूस एकच. माझ्या मते तुम्ही अपवादात बसता, पण आयोग काय म्हणेल ते तथ्यांवर ठरेल. ‘उपजीविकेसाठी स्वयंरोजगार’ हे तक्रारीत स्पष्ट लिहा. बुडालेल्या ऑर्डरींचे लाखो रुपये मागू नका. तसं केलंत तर मोठा व्यवसाय असल्याचं तुम्हीच सिद्ध कराल. मशीन बदलून द्या किंवा व्याजासह किंमत परत करा आणि त्रासाबद्दल माफक भरपाई द्या, एवढी मागणी ठेवा. पूर्ण किंमत मिळेल की वापराबद्दल काही कापून मिळेल, हे आज सांगता येत नाही.

हप्ते भरत राहा. कर्ज देणाऱ्याशी तुमचं भांडण नाही. पोलिसांत जाऊन वेळ घालवू नका.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी या आठवड्यात डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि १५ दिवसांची मुदत द्या. उत्पादकाला पक्षकार करायला विसरू नका, नाहीतर डीलर हात झटकेल. मग उत्तर येवो न येवो, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून नागपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. बिलावर छापलेल्या ‘मुंबई न्यायक्षेत्र’ या ओळीला घाबरू नका, कलम ३४ तुम्हाला राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रारीचा हक्क देतं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे.

निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि लहान धंदेवाला त्यातच थकतो, याची मला मनापासून चीड आहे. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे कागद जोडा, पुढची तारीख मागण्याची वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका. आणि नोटीस मिळाल्यावर डीलरने खरंच नवीन मशीन देऊ केलं, तर ते लेखी घ्या, नव्या वॉरंटीसह आणि १८ सप्टेंबरच्या आधी. तसं झालं नाही तर तक्रार दाखल करून मगच बोलणी सुरू ठेवा.