बंद झालेल्या खात्याचे हप्ते

भायखळ्याला एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातील लहान खोलीत मी गेली सव्वीस वर्षे समुपदेशनासाठी बसते आहे. लग्न, मुले, दारू, घराची वाटणी अशा कारणांनी लोक येतात, परंतु त्यांतील बरेच जण, विशेषतः लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या बायबलवर्गात, वाढलेले, दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत दार लोटून घेतात आणि आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारतात : "ताई, मी पश्चात्ताप करतो आणि पुन्हा तेच करतो. माझे खरोखर तारण झाले आहे का?" तारण म्हणजे पापाच्या शिक्षेतून देवाने केलेली सुटका. कुणाच्या बाबतीत ते 'तेच' म्हणजे मोबाइलवर रात्री पाहिलेली चित्रे असतात, कुणाच्या बाबतीत जावेचा मत्सर, कुणाच्या बाबतीत खोटे बोलण्याची सवय. पाप निराळे असले तरी भीती एकच असते. म्हणून त्यांपैकी एकाची हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

हे गृहस्थ चाळिशीचे, एका पतपेढीत रोखपाल, भांडुपला दोन खोल्यांत राहणारे. पत्नीच्या आग्रहाने ते आले होते, कारण त्यांनी अडीच वर्षे प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून उपासनेत दिली जाणारी भाकर आणि प्याला, घेतले नव्हते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मुद्दाम शेवटच्या बाकावर बसत आणि भाकर वाटायला सुरुवात झाली की उठून बाहेर जात. घरी चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील होते. ते लालबागच्या गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि मग त्यांनी मिळेल ते काम करून मुलांना वाढवले. आता त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. रात्री तीन-साडेतीनला ते उठतात, सदरा चढवतात आणि "पहिली पाळी आहे, माझा डबा कुठे आहे?" म्हणून दार उघडू लागतात. मुलगा त्यांना परत निजवतो. दहा मिनिटांनी ते पुन्हा उठतात. तिसऱ्या वेळी मुलाचा तोल जातो. तो ओरडतो, एकदा त्याने दंडाला धरून त्यांना खाटेवर ढकललेही होते. सकाळी वडिलांना काहीही आठवत नसे. मुलगा मात्र सहा वाजता स्वयंपाकघरात गुडघे टेकून रडत असे, आणि सातची लोकल पकडत असे.

"ज्याच्यात पवित्र आत्मा आहे, तो आपल्या म्हाताऱ्या बापाला ढकलतो का?" त्यांनी मला विचारले, आणि खिशातून एक लहान वही काढून पुढे ठेवली. तिच्यात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे दोन शब्द : 'चिडलो. क्षमा.' अशी पानेच्या पाने भरलेली होती. शेवटच्या पानावर त्यांनी बायबलमधील इब्री लोकांस पत्रातील दहाव्या अध्यायाचे सव्विसावे वचन लिहून ठेवले होते, ज्यात सत्याचे ज्ञान मिळाल्यावर बुद्धिपुरस्सर पाप करत राहणाऱ्यांसाठी आणखी यज्ञ उरत नाही असे म्हटले आहे.

या वचनाने छळलेली इतकी माणसे मी पाहिली आहेत की त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. ते पत्र ज्यांना लिहिले त्यांच्यापुढे प्रश्न होता तो छळाच्या भीतीने ख्रिस्ताला सोडून द्यावे की काय, हा. तेथे इशारा आहे तो देवपुत्राला पायांखाली तुडवून निघून जाणाऱ्याला. पहाटे रडत त्याच्याच पायांशी येणाऱ्याला नव्हे. 'आपल्या हातून अक्षम्य पाप तर झाले नाही ना' असे विचारणाऱ्यांनाही मी हेच सांगते, की ज्याने पवित्र आत्म्याकडे कायमची पाठ फिरवली आहे त्याला ही चिंता लागत नाही. तुमचे तळमळणे हीच आत्मा तुम्हाला सोडून गेला नसल्याची खूण आहे.

रोखपालांना मात्र हे एकदा सांगून पुरले नाही, आणि पुरत नसतेच. पुढच्या तीन-चार भेटींत आम्ही रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय सावकाश वाचला. जे करायला नको तेच माझ्या हातून होते, अशी हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची तक्रार आणि शेवटी 'किती मी कष्टी माणूस!' हा आकांत. पौल हे आपल्या विश्वासात येण्यापूर्वीच्या दिवसांविषयी बोलतो की नंतरच्या, याबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत. मी ऑगस्टीन आणि ल्यूथर या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांच्या बाजूची आहे, म्हणजे हे नंतरच्याच दिवसांविषयी आहे असे मानणारी. पौल तेथे वर्तमानकाळ वापरतो, आणि तो वर्तमानकाळ मला माझ्या खोलीत रोज ऐकू येतो. शिवाय मूळ पत्राला अध्याय नव्हते. आज आपण वापरतो ती विभागणी तेराव्या शतकातील आहे. त्यामुळे सातव्याच्या शेवटी थांबणारा वाचक पौलाच्या श्वासाच्या मध्येच थांबतो, कारण त्या आकांताला लागूनच 'ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाहीच' हे वाक्य येते. त्या 'नाहीच'मधल्या च वर मी नेहमी बोट ठेवते.

रोखपालांनी मान डोलावली, पण वही लिहिणे थांबले नाही. तेव्हा मी त्यांना ल्यूथरविषयी सांगितले. १५०५ साली एरफुर्टच्या मठात गेलेला हा तरुण संन्यासी तासन्‌तास पापकबुली देत बसे, आणि बाहेर पडताच विसरलेले एखादे पाप आठवून परत येई. त्याचे वडीलधारे योहान फॉन श्टाउपित्स यांनी त्याला स्वतःच्या अंतःकरणाऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला शिकवले. हे ऐकून गृहस्थ म्हणाले, "ते मोठे लोक होते, ताई." म्हणून मी जवळचे उदाहरण दिले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी याच मुंबईत शारदा सदन काढले, विधवांना शिकवले, त्यासाठी निंदा सोसली. आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळालेला होता, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. एवढी विदुषी, एवढी कर्तृत्ववान बाई, आणि तिलाही हे दान आहे, मजुरी नव्हे, हे उमगायला इतकी वर्षे लागली. त्या दिवशी रोखपालांनी प्रथमच काही उत्तर दिले नाही.

ज्या भेटीची मला आजही आठवण येते ती सातवी किंवा आठवी असेल. पाऊस होता, गाड्या उशिरा धावत होत्या आणि ते भिजून आले होते. मी वही मागून घेतली आणि त्यांच्याच कामातला एक प्रश्न विचारला.

"तुमच्या पतपेढीत एखाद्याचे कर्ज त्याच्या जामीनदाराने पुरते फेडले, आणि त्यानंतर तो कर्जदार हप्ता घेऊन तुमच्या खिडकीशी आला, तर तुम्ही काय कराल?"

"घेता येणार नाही."

"का? पैसे खरे आहेत. माणूस प्रामाणिक आहे."

"प्रामाणिक असला तरी खाते बंद झालेले असते ना. जमा कशात करणार? पावती कोणत्या खात्यावर फाडणार?"

आणि ते थांबले. मीही काही बोलले नाही. मग मी इब्री लोकांस पत्रच उघडले, पण सातवा अध्याय, जेथे येशूला अधिक चांगल्या कराराचा 'जामीन' म्हटले आहे. रोखपालाला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी ते वचन दोनदा वाचले आणि वहीवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे मी अडीच वर्षे बंद खात्यात हप्ते भरतो आहे."

अनेक समुपदेशक येथे थांबतील, आणि मीही पूर्वी थांबत असे. पण त्यांनी पुढे जो प्रश्न विचारला तो विचारल्याशिवाय कृपा, म्हणजे न कमावता मिळणारी देवाची क्षमा, समजली असे मी आता मानत नाही. ते जवळजवळ रागावून म्हणाले, "मग मी पप्पांवर ओरडलो तरी चालते, असेच झाले ना?" कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, हा पौलाच्याच काळापासूनचा प्रश्न आहे, आणि पौलाचे 'कधीच नाही' हे उत्तरही त्यांना पाठ होते. मी ते म्हणून दाखवले नाही. मी विचारले, "ही वही तुम्ही कोणासाठी लिहिता?"

"देवासाठी."

"हिच्यात पप्पांना तुम्ही काय म्हणालात, ते कुठे लिहिले आहे?"

त्यांनी पाने उलटली. शंभरावर नोंदी असतील. वडिलांचा उल्लेख एकाही नोंदीत नव्हता. "त्यांना सकाळी आठवतच नाही," ते हळूच म्हणाले. "माफी मागू तरी कशाची?"

"त्यांना आठवत नसेल. तुम्हाला आठवते."

ते रडले, पण ते रडणे पहाटेच्या त्या रडण्यापेक्षा निराळे होते, कारण त्यात प्रथमच दुसरे कोणी होते. इतक्या वर्षांच्या कामातून मला जर काही उमगले असेल तर ते हे, की दंडाच्या भीतीने केलेला पश्चात्ताप माणसाला स्वतःभोवतीच फिरवत ठेवतो. 'माझे काय होईल, मी वाचलो की नाही' या प्रश्नाने मन इतके व्यापते की ज्याला इजा झाली त्याच्यासाठी तेथे जागाच उरत नाही. निकाल लागून गेला आहे आणि तो आपल्या बाजूने लागला आहे, हे ज्याला पटते, त्याची नजर मोकळी होते आणि समोरचा माणूस दिसू लागतो. कृपेमुळे माणूस पापाविषयी बेफिकीर होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी कृपा पटलेल्या माणसाला क्षमा मागताना एकदा पाहावे.

आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, योहानाच्या पहिल्या पत्रात पापे 'पदरी घेण्याविषयी' सांगितले आहे. मला हा शब्द फार प्रिय आहे. पदरी घेणे म्हणजे हे माझेच आहे असे म्हणणे. लपवणे नव्हे, आणि मोजत बसणेही नव्हे. आणि दानही आपण पदरातच घेतो. ज्या पदरात पाप घ्यायचे त्याच पदरात क्षमा घ्यायची असते. या गृहस्थांनी पाप घेतले होते आणि मग पदराला घट्ट गाठ मारून ठेवली होती.

प्रभुभोजनाबाबतही अशीच गाठ होती. प्रभुभोजन अयोग्य रीतीने खाण्याविषयी पौलाच्या करिंथकरांस पत्रात जो इशारा आहे तो ऐकून कितीतरी कोवळ्या मनाची माणसे मेजापासून दूर राहतात आणि निर्ढावलेली निःशंक पुढे होतात. पौलाचा रोष कशावर होता ते पाहावे : तेथील सुखवस्तू लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. आणि त्याची आज्ञाही पूर्ण वाचावी. आत्मपरीक्षण करावे 'आणि मग' खावे, असे तो म्हणतो. परीक्षणाचा शेवट खाण्यात आहे, उठून जाण्यात नाही.

आता व्यवहाराचे. मी त्यांना विचारले की सलग चार तास झोप शेवटची कधी मिळाली होती. त्यांना सांगता आले नाही. बायबलमधला संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा एकदा खायला दिले. झोपेअभावी येणाऱ्या रागावर केवळ प्रार्थनेचा उपाय करणे हे विश्वासाचे लक्षण आहे असे मी मानत नाही. विरारच्या बहिणीने आठवड्यातून दोन रात्री वडिलांना सांभाळावे असे ठरले; डॉक्टरांनी औषधांच्या वेळा बदलल्या; दाराला वरच्या बाजूला कडी लावली गेली. ज्यांना एकच पापविचार दिवसभर छळतो, ज्यांची प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून वीस-वीस वेळा पुन्हा करावी लागते, त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवते. तो मंत्रचळेपणाचा विकार (ओसीडी) असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि त्या उपचारांनी कृपेचा काही अपमान होत नाही.

राग गेला का? नाही. पंधरा दिवसांनी ते आले आणि म्हणाले की मंगळवारी पहाटे पुन्हा ओरडलो. पण या वेळी ते स्वयंपाकघरात गेले नाहीत. खाटेशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "पप्पा, मी चुकलो. मी तुमच्यावर ओरडायला नको होते." वडिलांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले, मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, "तू साचेखात्यातला का रे?" मुलाने हो म्हटले. मग दोघे पाच वाजेपर्यंत बोलत बसले. मागावरच्या धोट्याविषयी, गिरणीच्या भोंग्याविषयी, एका मुकादमाविषयी. मुलाला त्यातले निम्मे प्रथमच कळत होते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते भाकर वाटली जाईपर्यंत बसून राहिले. पत्नीने मला फोनवर सांगितले की प्याला हातात घेताना त्यांचा हात कापत होता.

वही त्यांच्याकडे अजून आहे. मागच्या भेटीत त्यांनी ती दाखवली. उरलेल्या पानांवर वडील किती वाजता निजले, किती वाजता उठले आणि कोणती गोळी दिली, ते डॉक्टरांसाठी लिहिलेले असते.