दगडखाणीचा चारशे पानी ईआयए अहवाल आलाय, जनसुनावणीआधी तो कसा वाचावा?

तुम्ही विचारलंय की पुरंदर तालुक्यात तुमच्या गावाच्या माळावर दगडखाण आणि क्रशर येतोय, महिन्याभरात जनसुनावणी आहे, इंग्रजी ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अहवाल ग्रामपंचायतीत येऊन पडलाय. पर्यावरणावरचा आणि माणसांवरचा परिणाम ही मंडळी मोजतात तरी कशी, आणि आपण त्यात नेमकं बघायचं काय?

पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीसाठी मी अकरा वर्षं अशा अहवालांचं फील्डवर्क केलं. आता ते काम सोडलंय आणि गावांना असे अहवाल वाचायला मदत करते. म्हणून पहिल्या पानापासून वाचायला बसू नका असं सांगते. सरळ तिसरं प्रकरण उघडा. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत प्रकरणांचा क्रम ठरवून दिलेला आहे आणि तिसरं प्रकरण असतं सध्याच्या परिस्थितीचं: हवा, पाणी, माती, आवाज, झाडं-प्राणी, लोक. त्यात हे मोजमाप कोणत्या महिन्यांत झालं ते शोधा आणि पेन्सिलीने गोल करा.

बहुतेक वेळा तिथे 'डिसेंबर ते फेब्रुवारी' किंवा 'मार्च ते मे' दिसेल. नियमच तसा आहे, पावसाळा वगळून एका हंगामाची आकडेवारी पुरते. हवेसाठी ते समजण्यासारखं आहे, कारण पावसात धूळ खाली बसते आणि हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. पण त्याच तीन महिन्यांत पाणी, वनस्पती आणि माणसंही मोजली जातात, आणि सगळी गफलत तिथे होते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एप्रिलमध्ये अशाच एका पठारावर गेले होते. हातात तक्ता होता. 'पृष्ठभागावरील पाणी' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. खरंच नव्हतं. उतरताना पायथ्याशी खडकाच्या भेगेला लावलेली एक पत्र्याची पन्हळ दिसली, तिच्याखाली धुणं आपटून गुळगुळीत झालेले तीन-चार दगड होते. मला दिसलं, कळलंही, पण तक्त्यात त्याला जागा नव्हती आणि गाडी खाली थांबली होती. ऑगस्टच्या शेवटी मी स्वतःहून परत गेले. पन्हळीतून मनगटाएवढी धार पडत होती, दोन वाड्यांच्या बायका पाणी भरत होत्या, आणि वर पठारावर गेंदाची पांढरी फुलं आणि सीतेची आसवं पसरलेली होती. तोपर्यंत अहवाल सादर झाला होता. त्यात त्या जागेचं वर्णन 'खडकाळ, पडीक, पाण्याचा स्रोत नाही' असं होतं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. ते वाक्य माझं होतं. आजही ते मला टोचतं.

सल्लागार सरसकट खोटे आकडे लिहितात असं माझं म्हणणं नाही. तशीही उदाहरणं आहेत: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे सापडले होते. पण माझ्या अनुभवात बहुतेक आकडे खरे असतात. ते कधी घेतले, कुठे घेतले आणि कोणाला विचारून घेतले, यात चूक असते. त्यामुळे तुम्ही 'अहवाल खोटा आहे' असं ओरडलात तर उत्तर द्यायला सोपं जातं. 'जुलै ते ऑक्टोबरमध्ये आमच्या पठारावर अमुक तीन झरे वाहतात, ते अहवालात का नाहीत?' याला उत्तर द्यायला त्यांना परत यावं लागतं.

पाण्याचं थोडं विस्ताराने सांगते, कारण तुमच्या भागात खरा धोका तोच आहे. आपला डेक्कनचा खडक म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. काळा पाषाण घट्ट असतो, त्यात भेगा असतील तेवढंच पाणी. मधले मांजऱ्या (सच्छिद्र) खडकाचे आणि मुरमाचे थर पाणी धरतात. माळावर मुरलेलं पाणी या थरांतून आडवं सरकतं आणि उतारावर जिथे थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो, किंवा खालच्या विहिरीला लागतो. खाणीला हवा असतो काळा पाषाण, पण तो काढताना पाण्याचा थर कापला गेला तर तुमच्या विहिरीकडे येणारं पाणी खाणीच्या खड्ड्यात गोळा होतं. म्हणून दुसऱ्या प्रकरणात खाणीची अंतिम खोली किती दिली आहे ते बघा आणि भूजल पातळीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. भूजलाचा आकडा कोणत्या विहिरीचा आहे? वरच्या अंगाची की खालच्या? गावातल्या विहिरी खणणाऱ्या जुन्या माणसांना घेऊन बसा. कोणत्या विहिरीला किती फुटांवर झरा लागला, मे महिन्यात पाणी कुठे जातं, दिवाळीला कुठे असतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. वीस विहिरींची अशी यादी केलीत तर ती अहवालातल्या चार नमुन्यांपेक्षा कितीतरी मोलाची ठरेल.

आता धूळ. पीएम १० (हवेत तरंगणारे बारीक धूलिकण) चं राष्ट्रीय मानक २४ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि अहवालातले आकडे त्याखालीच असतील, कारण खाण अजून सुरूच झालेली नाही. महत्त्वाचा आहे तो चौथ्या प्रकरणातला भाकिताचा आकडा. त्यात डंपरची वाहतूक धरली आहे का ते तपासा. हा हिशेब घरी करता येतो. उदाहरणादाखल, वर्षाला २ लाख टन माल, ३०० दिवस काम आणि डंपरमागे २० टन धरले तर दिवसाला साधारण ३३ फेऱ्या, म्हणजे जाऊन-येऊन ६६-६७ वेळा डंपर गावातून जाणार. दहा तासांत दर नऊ मिनिटांनी एक. तो रस्ता शाळेसमोरून जातो का, अंजिराच्या बागांना लागून जातो का? पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, खट्टा आणि मीठा असे दोन बहार घेतले जातात, आणि तरी मी असे अहवाल पाहिलेत ज्यांत पिकांच्या तक्त्यात फक्त ज्वारी-बाजरी होती. फळबागेच्या पानांवर धूळ बसण्याचा परिणाम त्यात येणार कुठून?

धूळ बसवायला 'नियमित पाणी मारण्यात येईल' हे वाक्य हमखास असतं. ते पाणी कुठून आणणार? उन्हाळ्यात गावाला प्यायचा टँकर येत असेल तर हा प्रश्न सुनावणीत पहिला विचारा.

सामाजिक परिणामांचा भाग सगळ्यात पातळ असतो आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. उघडून बघा: २०११ च्या जनगणनेतून उचललेले लोकसंख्या, साक्षरता, घरं यांचे तक्ते, मग 'प्रकल्पामुळे स्थानिकांना रोजगार मिळेल' असं एक वाक्य. याला सामाजिक परिणामांचा अभ्यास म्हणत नाहीत. तो कसा करतात हे पुण्याला नवीन नाही. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचं काय झालं याचं सर्वेक्षण इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलं, ते डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये छापलं. उठलेल्या लोकांपर्यंत जाऊन, त्यांना विचारून केलेलं काम होतं ते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यांकन हा वेगळा टप्पाच केला, पण तो सरकार जमीन संपादन करतं तेव्हा. खाण भाडेपट्ट्याने दिलेल्या जागेवर असेल तर तो कायदा लागत नाही, आणि मग लोकांबद्दल जे काही म्हणायचं ते ईआयएच्या त्या चार पानांतच.

म्हणून ती चार पानं तुम्ही भरा. माळ गायरान आहे का? तिथे कोणाची जनावरं चरतात, सरपण कोण आणतं, गवत कोण कापतं? या गोष्टी सातबाऱ्यावर नसतात, त्यामुळे जमीनमालकांच्या यादीत दिसत नाहीत. इथेही हंगाम आडवा येतो. आपल्याकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मार्च ते मेमध्ये सर्वेक्षण झालं असेल तर माळाचा सगळ्यात जास्त वापर करणारी कुटुंबं त्या वेळी गावात नव्हतीच. त्यांना विचारलं कोणी? माळावरच्या लांडगा, तरस, चिंकारा यांचंही तसंच. भर दुपारी गाडीतून फिरून त्यांची यादी होत नाही. सासवडच्या परिसरात लांडगे आहेत हे मेंढपाळ तुम्हाला सांगतील.

आणि जे मजूर खाणीवर येतील त्यांचाही विचार करा, ही विनंती. वाघोलीच्या खाणींत बाहेरून आलेली कुटुंबं क्रशरच्या धुळीतच राहिली आणि त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या पाषाणशाळा काढाव्या लागल्या. 'इतक्या लोकांना रोजगार' लिहिलं असेल तर ते कुठे राहणार, पाणी कुठलं पिणार, मुलं कोणत्या शाळेत जाणार, हे लेखी मागा.

आसपास आधीच्या खाणी असतील तर आणखी एक तपासणी. गौण खनिजांचे (दगड, मुरूम, वाळू अशांचे) पट्टे पाच हेक्टरखाली तोडून पर्यावरण मंजुरी टाळायची पद्धत होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात आळा घातला. जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार ५०० मीटरच्या आत असलेले पट्टे एकत्र धरून समूह मानतात. एकट्या खाणीची धूळ मानकात बसते, चार खाणींची मिळून बसेलच असं नाही. समूहाचा हिशेब अहवालात आहे का ते पाहा. शेवटच्या, बाराव्या प्रकरणात सल्लागारांची माहिती असते. तिथे भूजलाचा आणि समाजशास्त्राचा तज्ज्ञ म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा, आणि ती व्यक्ती गावात आल्याचं कोणाला आठवतं का ते विचारा.

आता सुनावणी. पंधरा-वीस सुनावण्यांना बसल्यावर सांगते, हे मतदान नसतं. हात किती वर झाले यावर काही ठरत नाही, आणि सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अटही नाही, त्यामुळे बहिष्कार टाकलात तरी ती पार पडते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी असतात, चित्रीकरण होतं. नोटीस किमान ३० दिवस आधी निघायला हवी आणि कार्यकारी सारांश मराठीत मिळायलाच हवा. तो मिळाला नसेल तर आजच लेखी मागणी करून पोच घ्या. मंजुरीचा विचार पुढे मुंबईत तज्ज्ञ समितीसमोर होतो. त्या लोकांनी तुमचा माळ पाहिलेला नसतो. त्यांच्यासमोर येतं ते इतिवृत्त, आणि प्रत्येक मुद्द्याला प्रकल्पवाल्याने दिलेलं उत्तर. म्हणून भाषण कमी, लेखी मुद्दे जास्त. प्रत्येक मुद्द्याला अहवालातला पान क्रमांक, शेजारी तुमची माहिती: विहिरीची यादी, झऱ्याचा पावसाळ्यातला तारखेसह फोटो, मेंढपाळांचे जबाब. ज्यांना त्या दिवशी येता येणार नाही त्यांचे अर्जही आधी मंडळाकडे देता येतात. बायकांना पुढच्या रांगेत बसवा आणि पाण्याचं त्यांनाच बोलू द्या.

सगळ्यात जास्त गावं चुकतात ती शेवटी. बोलणं झालं की लोक उठून जातात. तुम्ही थांबा. इतिवृत्त त्याच दिवशी मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तुमचा मुद्दा गाळला गेला असेल किंवा 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली' इतका बोथट झाला असेल, तर तिथेच उभं राहून दुरुस्त करून घ्या. पुढे मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादात ३० दिवसांत अपील करता येतं, उशिराचं कारण पटलं तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. तिथे तुमचा वकील सगळ्यात आधी तेच इतिवृत्त मागेल.

विहिरींच्या यादीसाठी मी वापरते तो कोरा तक्ता हवा असेल तर खाली लिहा, मराठीत आहे.