कोल्हापुरात राहून जुन्या नोटांचा संग्रह सुरू करायचाय, पहिली नोट कोणती घ्यावी?

एक रुपयाच्या नोटेपासून सुरुवात करा. बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, एकच्या नोटेवर मात्र केंद्राच्या अर्थसचिवाची. छपाई 1994 ला थांबली, 2015 ला पुन्हा सुरू झाली. सहीनुसार लावत गेलात तर कमी पैशांत छान मालिका होते.

दुर्मिळतेपेक्षा आधी अवस्था बघा. मी पहिली नोट महाद्वार रोडजवळ एकाकडून 'कोरी' म्हणून घेतली. घरी खिडकीशी उजेडात तिरकी धरली, तर मधोमध घडीची पुसट रेघ! धुऊन इस्त्री केलेली होती. अशी नोट मऊ लागते, कडक कागदाचा करकर आवाज येत नाही. तेव्हापासून उजेडात धरल्याशिवाय मी पैसे देत नाही.

786 नंबरला जादा पैसे मोजू नका, तशा नोटा भरपूर आहेत. जुन्या 500-1000 च्या नोटा संग्रहासाठी 25 पर्यंतच ठेवता येतात, 2017 चा कायदा आहे. आणि लॅमिनेशन चुकूनही नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात अल्बम भिंतीच्या कपाटात न ठेवता कोरड्या जागी ठेवा.