कुळागर विकायला तुमची सही लागते

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यातले. एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी बाईक अपघातात गेला. त्याच्या पेशींपासून ‘तोच मुलगा परत देऊ’ असं एका परदेशी कंपनीच्या एजंटाने माझ्या नवऱ्याच्या मनात भरवलंय. दोन लाख भरून झाले, उरलेल्यासाठी कुळागर, म्हणजे आमची पोफळी-माडांची बाग, विकायचं म्हणतात. ते सासऱ्यांकडून आलेलं, नवऱ्याच्याच नावावर आहे. मुलाच्या कंगव्यातले केस मी डबीत जपून ठेवलेत, तेही कंपनीला हवेत. क्लोनिंग कायद्यात बसतं का? मी हे अडवू शकते का?

उत्तर : ताई, आधी कुळागर, कारण घाई तिथे आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यातल्या पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. वारशाने आलेलीही त्यात धरतात, नाव कुणाचंही असो. विक्रीखतावर दोघांची सही लागते. ती करू नका. मुखत्यारपत्रावर तर मुळीच नको. ‘तू नुसती सही कर, बाकीचं मी बघतो’ यातून झालेली भांडणं मी पुष्कळ पाहिलीत. सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाच्या नोंदीचा उतारा काढून ठेवा.

क्लोनिंगवर आपल्याकडे स्वतंत्र बंदी कायदा नाही, हे एजंटाने सांगितलं असेलच. ते अर्धंच खरं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार क्लोनिंगने मूल जन्माला घालणं निषिद्ध आहे. 2021 च्या सहाय्यक प्रजनन कायद्यात ‘भ्रूण’ म्हणजे फलनानंतरचा, स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आल्यानंतरचा जीव. क्लोनमध्ये बीजांडात शरीरातल्या पेशीचं केंद्रक घालतात, फलनच होत नाही, म्हणून तो त्या व्याख्येत नीट बसत नाही. यावर आम्ही वकील तासभर भांडू, पण तुमचं काम त्यावाचून अडत नाही. माणसाचा क्लोन जन्मल्याचा पुरावा आजवर कुठेच नाही. 2002 मध्ये एका कंपनीने तसा दावा केला होता, पुरावा कधीच दिला नाही. डॉली ही क्लोन केलेली मेंढी 1996 मध्ये जन्मली ती 277 बीजांडांवर प्रयोग केल्यावर, तेही एकच कोकरू. माणसावर हे करायचं तर एवढी बीजांडं कुणा बायकांच्या अंगातून काढायची, आणि फसलेले गर्भ कुणी पोटात वागवायचे?

पैशांचं सोपं आहे. करार कायद्याच्या कलम 56 प्रमाणे अशक्य गोष्टीचा करार रद्दबातल ठरतो, आणि ती अशक्य आहे हे ठाऊक असून वचन देणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. शिवाय ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहिता कलम 318. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलीस स्टेशनवर लेखी तक्रार द्या. एजंटाचे मेसेज पुसू नका.

नवऱ्याला कलमं वाचून दाखवू नका. समजा जमलंच, तरी हाती येईल ते तान्हं बाळ, तुमच्या मुलाचा वीसेक वर्षं उशिरा आलेला जुळा भाऊ. त्याला ना तुमचं अंगण आठवणार, ना शाळा. अठराव्या वर्षी त्याने बाईक मागितली तर काय सांगाल? त्याने स्वतःसारखं जगायचं, की गेलेल्यासारखं? हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. वाटल्यास दोघं मिळून माझ्याकडे या.

आणि ती डबी कुरियरने कुठेही पाठवू नका.