कामाचं बोला : डब्याचा अर्धा तास

मागच्या अंकात जादा कामाच्या पैशांवर लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्मी पत्रं पैशांची नव्हतीच, डब्याची होती. कुठे खायचा, कधी खायचा, किती मिनिटांत गिळायचा. कामगार खात्यात एकतीस वर्षं काढली, तेव्हाही हेच अनुभवलं. अर्जावर तक्रार पगाराची असायची, पण खुर्चीत बसून पाणी प्यायली की बाई डब्यावर यायची. म्हणून या वेळी चार पत्रं घेतली आहेत, चारही मधल्या सुट्टीची.

ताई, मी लक्ष्मी रस्त्याच्या भागात साड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरला आहे. आम्ही एकूण २६ माणसं. सकाळी १० ला हजेरी, रात्री ९ ला सुटका, सोमवारी सुट्टी. डब्याला २० मिनिटं, तीही गिऱ्हाईक नसेल तर. लग्नसराईत डबा उघडायला साडेचार वाजतात. जाता-येता मशीनवर अंगठा लावायचा. गेल्या महिन्यात एकदा मला ३० मिनिटं लागली तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला. पगार १५,६०० आहे. दिवसभर बसायची सोय नाही, स्टूल ठेवलं तर ओरडा बसतो. सुट्टी पगारी असते का? शेठ म्हणतात, खायचे पैसे कोण देतं? — नाव छापू नये, पुणे

शेठ अर्धं खरं बोलतात. आपल्याकडे कायदा जेवणाची सुट्टी कामाच्या तासांत धरत नाही. नऊ तास काम म्हणजे काम नऊ तास, सुट्टी त्याबाहेर. पण तुमचा पगार महिन्याचा ठरलेला आहे, तासाचा नाही. तेव्हा जेवायला बसलात म्हणून त्यातून काही वळतं करायचा प्रश्नच येत नाही. उरलेलं अर्धं शेठ बोलत नाहीत, ते मी मांडते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं होतं. तुमची २० मिनिटं इथेच नापास. १० ते साडेचार म्हणजे साडेसहा तास झाले. त्याच कायद्याने कामावर आल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा पल्ला, सुट्टी धरून, मुळात साडेदहा तासांचा ठरवला होता. तुमचा अकराचा आहे. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद, यावर आपण इतके विनोद केले, पण त्या झोपेत नोकराचा वाटा किती ते कोणी विचारलं नाही. नऊला आलेला माणूस तीन तास ओट्यावर बसून पुन्हा रात्री नऊपर्यंत उभा राहिला तर त्याचा दिवस बारा तासांचा होतो. सुट्टी फार लांबली तरी ती माणसाच्याच अंगावर येते, म्हणून हा पल्ला बांधलेला असतो.

आता वही घ्या. अकरा तासांतून २० मिनिटं वजा केली की १० तास ४० मिनिटं राहतात. सहा दिवसांचे ६४ तास. कायद्याचा आठवडा ४८ तासांचा. वरचे १६ तास जादा कामाचे, दुप्पट दराने. १५,६०० भागिले २६ म्हणजे रोज ६००, आठ तासांनी भागले की तासाला ७५. दुपटीने १५०. सोळा तासांचे २,४०० रुपये, आठवड्याला. डब्याचे पैसे कोण देतं, हा प्रश्न शेठना पुन्हा विचारायचा असेल तर त्यांनी हा आकडा समोर ठेवून विचारावा. (सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांचे दिवसाचे तास नवाचे दहा करायला आणि हा कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या दुकानांना लावायला मंजुरी दिली. तुम्ही २६ आहात. आणि मी हिशोब आठवड्याच्या ४८ तासांवर केला आहे, दिवसाच्या नाही, तो याच कारणासाठी.)

अर्ध्या दिवसाची कपात तर मला सगळ्यात जास्त झोंबली. गैरहजेरीबद्दल पगार कापायचा तर जेवढा वेळ गैरहजर तेवढाच कापता येतो. हे १९३६ च्या वेतन कायद्यात होतं, आणि तो गेला तरी २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तुमची दहा मिनिटं साडेबारा रुपयांची होतात. कापले तीनशे. तेही अशा दहा मिनिटांसाठी, जी कायद्याने तुमचीच होती.

मशीनवर अंगठा लावायला मात्र कुरकुर करू नका. ते मशीन तुमच्या बाजूचं साक्षीदार आहे. मी दुकानांच्या तपासणीला जायची तेव्हा कागदी रजिस्टर असे. एका दुकानात महिनाभर सगळ्यांची सुट्टी १.०० ते १.३०, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेली. दुकान बंद असलेल्या वाराच्या रकान्यातही १.०० ते १.३०. मालकाला म्हटलं, बंद दुकानात जेवायला येणारी माणसं फारच इमानी दिसतात. अंगठ्याच्या मशीनला असलं सजवणं जमत नाही. रोज घरी गेल्यावर डबा कधी उघडला, कधी उठवलं, एवढं वहीत लिहा, तारखेसह. महिनाभराने चार-पाच जणींनी मिळून सहीचा अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्या आणि पोच घ्या. एकटीने जाऊ नका. एकटीचा अर्ज म्हणजे ‘ती बाई’, पाच जणींचा अर्ज म्हणजे तक्रार.

स्टुलाचं म्हणाल, तर उभ्याने काम करणाऱ्याला अधूनमधून बसता यावं म्हणून सोय ठेवायची, हे कारखान्यांच्या कायद्यात १९४८ पासून लिहिलेलं आहे. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये कायदा बदलला, कारण कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. आणि साडीचं दुकान म्हणजे मूळचं गादीचं. विकणारा मांडी घालून बसायचा, गिऱ्हाईकही बसायचं, साड्या मांडीवरून उलगडायच्या. काचेचे काउंटर आले तेव्हा गादी गेली आणि विकणारी उभी राहिली. अर्जात स्टुलाची ओळ जरूर घाला.

मॅडम, मी इचलकरंजीत यंत्रमागावर आहे. बारा तासांची पाळी, मजुरी पिकावर, म्हणजे मागानं जेवढे आडवे धागे टाकले त्यावर. माग थांबला की मजुरी थांबली. मालक म्हणतो, घे की सुट्टी, कोण अडवतंय? भाकरी मागाच्या कडेला उभ्यानंच खातो. आम्हाला सुट्टीचा कायदा हाय का नाही? — एक कामगार

कोण अडवतंय, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते, दोन साचे सांभाळायचे, पैसे कापडावर. दुपारी शेजारच्या साचेवाल्याने यांचे दोन धरून चार साचे बघायचे, तेवढ्यात यांनी डबा उरकायचा, मग यांनी त्याचे बघायचे. एकमेकांकडून उसना घेतलेला वेळ होता तो, गिरणीने दिलेला नव्हे. आई त्यांना सुकी भाजी द्यायची. पातळ कालवण जेवायला जास्त वेळ लागतो, हे तिचं गणित.

आणि गंमत अशी की या अर्ध्या तासासाठीच मुंबईत पहिली मोठी मागणी झाली होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या कोणत्या? रविवारी सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत, जखमी झालेल्याला भरपाई आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार १८९० च्या जूनमध्ये मिळाला, त्याचं आपण सगळे कौतुक करतो. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या कारखाने कायद्याने आला, त्याची कोणाला आठवण नाही.

तर, कायदा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५५ मध्ये पाच तासांनंतर अर्धा तास, अगदी स्पष्ट शब्दांत होता. सप्टेंबर २०२५ मधल्या त्याच मंजुरीत राज्याने कारखान्यांसाठी पाचाचे सहा तास केले. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत दिवसाचे आठ तास लिहिले आहेत, पण मधली सुट्टी किती आणि कधी, ते सरकारने अधिसूचनेने ठरवायचं आहे. मला हे पटलेलं नाही. कायद्यात लिहिलेला अर्धा तास बदलायचा तर विधिमंडळात जावं लागतं, अधिसूचना टेबलावर बदलते.

दुसरी अडचण शेडची. वीज वापरणारी जागा पूर्वी १० कामगारांवर कारखाना ठरायची, आता २०. तुमच्याकडे एकाच छपराखाली एक शेड बापाच्या नावावर, दुसरी भावाच्या, तिसरी बायकोच्या असते, हे मला ठाऊक आहे. कामगार मोजताना छप्पर बघून मोजा, नावाची पाटी बघून नको. मालक खरा एकच असेल तर वीजबिल कोण भरतं, मजुरी कोणाच्या हातून मिळते, यावरून ते दाखवता येतं.

पण तुमच्या बाबतीत खरी किल्ली सुट्टीच्या कलमात नाही, दरात आहे. मजुरी पिकावर असली तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. तेव्हा मजुरीवाढीची बोलणी होतील तेव्हा युनियनला सांगा, की पिकाचा दर आठ तास आणि अर्धा तास माग बंद, असा धरून काढा. आजचा दर बारा तास सलग धरून काढलेला असतो, म्हणून भाकरी उभ्याने खावी लागते.

नमस्कार. नाशिकमध्ये खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, ७० कर्मचारी. बाळ आठ महिन्यांचं, सासूबाईंकडे असतं, घर १० मिनिटांवर. दूध पाजायला मध्ये जाऊन येते तर एचआरने ‘रोज हाफ डे लावा’ सांगितलं. काय करू?

हाफ डे लावू नका. सगळ्या पत्रांत तुमचंच उत्तर सोपं आहे, कारण आपल्या कायद्यातली खरोखरची पगारी सुट्टी ही एवढीच. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी, आणि त्याबद्दल पगार कापायचा नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ही दोन्ही कलमं होती. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण दोन सुट्ट्या तिथेही तशाच आहेत. १९६३ च्या केंद्रीय नियमांत प्रत्येक सुट्टी १५ मिनिटांची आणि वर जाण्यायेण्याला ५ ते १५ मिनिटं, असं होतं. शिवाय ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. एचआरला ईमेल करा, तोंडी बोलू नका. दोन ओळी पुरेत : दोन सुट्ट्यांच्या वेळा, आणि ‘पाळणाघर कुठे आहे ते कळवावे’. दुसरी ओळ वाचल्यावर हाफ डेचा विषय बहुतेक निघणार नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत आणि ७० माणसांच्या ऑफिसात बाईने दूध काढायला स्टेशनरीच्या कपाटामागे जायचं, हे मी स्वतः पाहिलं आहे. रायगडाचे दरवाजे निदान रात्रीच बंद होत होते.

ताई, माझं सांगलीत हार्डवेअरचं दुकान, २२ माणसं. वडिलांपासून सकाळ-संध्याकाळ चहाला १०-१० मिनिटं देतो. आता टपरीवर जातात ते २५ मिनिटांनी येतात. ही वेळ पगारातून वळती करावी म्हणतो. माझी भाची कॅलिफोर्नियात कॉफीच्या दुकानात असते, तिथे म्हणे मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. — एक दुकानदार

मालकाचं पत्र आलं याचा आनंद झाला.

चहाची सुट्टी कायद्यात नावाने नाही, हे खरं. पण वडिलांच्या काळापासून चालत आलेली सवलत ही नोकरीची अटच होऊन बसते. कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा किंवा चालत आलेली सवलत बदलायची तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, असं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं. औद्योगिक संबंध संहितेनेही ते ठेवलं आहे. उद्यापासून कापतो, असं चालत नाही. वरच्या १५ मिनिटांचं बोलायचं तर बोला, पण आधी बोला, मग समज द्या. कपात शेवटी, आणि तीही पंधरा मिनिटांचीच.

भाचीचं म्हणणं बरोबर आहे. कॅलिफोर्नियात साधारण दर चार तासांच्या कामाला १० मिनिटांची सुट्टी द्यावी लागते, आणि ती पगारी असते. जेवणाचा अर्धा तास वेगळा, तो बिनपगारी, पण त्या अर्ध्या तासात मालकाने कुठलंच काम सांगायचं नाही. चहाची दहा मिनिटं दिली नाहीत तर त्या दिवशी तासभराचा पगार जास्तीचा द्यावा लागतो. मिनिटामिनिटाचा हिशोब असतो तो असा. तो सांगलीत आणायचा असेल तर माझी हरकत नाही.

२५ मिनिटं का लागतात, ते मात्र एकदा स्वतः टपरीपर्यंत चालत जाऊन बघा. तुम्ही पत्रात माणसं किती ते लिहिलं, चहा किती वेळा ते लिहिलं, दुकानात मुतारी आहे की नाही ते लिहिलेलं नाही. नसेल, तर ती माणसं फक्त चहाला जात नसणार.