कारखानदार कामगारांसाठी घरे का बांधत असत: उपकार म्हणून की फायद्यासाठी?

दोन्ही हेतू होते, आणि बहुतेक ठिकाणी ते वेगळे काढता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात गिरण्या शहराबाहेर नेल्या की जवळपास राहायला घरे नसत. कुशल कामगार टिकवायचा तर मालकालाच ती बांधावी लागत. इंग्लंडमधील सॉल्टेअर हे याचे ठळक उदाहरण आहे. टायटस सॉल्ट यांनी ब्रॅडफर्डच्या धुराने कोंदलेल्या वस्तीपासून दूर १८५३ मध्ये नवी गिरणी सुरू केली आणि तिच्याभोवती दगडी घरे, शाळा, रुग्णालय व स्नानगृहे उभारली. गावात मद्यगृहाला मात्र परवानगी नव्हती, म्हणजे घराबरोबर मालकाची शिस्तही येत असे.

या व्यवस्थेचा खरा दोष शिकागोजवळच्या पुलमन गावात उघड झाला. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने १८८० पासून वसवलेल्या या गावात घरे विकत घेता येत नसत, फक्त भाड्याने मिळत. १८९३ च्या मंदीनंतर कंपनीने मजुरी कापली, पण घरभाडे तसेच ठेवले. त्यातून १८९४ चा मोठा संप झाला आणि १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला निवासी मालमत्ता विकण्याचा आदेश दिला. ज्याच्या हातात नोकरी त्याच्याच हातात घर असेल, तर काम सुटताच डोक्यावरचे छप्परही जाते, आणि माझ्या मते या साऱ्या वसाहती तपासताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. चॉकलेटचे कारखानदार जॉर्ज कॅडबरी यांनी इंग्लंडमध्ये वसवलेले बोर्नव्हिल गाव १९०० मध्ये एका विश्वस्त संस्थेकडे सोपवले आणि तिथली घरे केवळ आपल्याच कामगारांपुरती राखून ठेवली नाहीत, म्हणून तो प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो.