गेमकट्टा : दत्तक वारस कोडमध्ये नेमका कुठं बसवायचा?

प्रश्न : नमस्कार दादा. क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगातलं राजघराणं पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा कॉम्प्युटर गेम) खेळतोय, १०६६ ची सुरुवात, कल्याणीचे चालुक्य घेतलेत. पहिल्या राजाला तीन पोरं होती, तो गेला आणि राज्याचे तीन तुकडे, डोक्याला हात. पुढचा राजा निपुत्रिक. मग ठरवलं की आपल्याकडं जशी दत्तकाची पद्धत होती तसा वारसाहक्काचा कायदा मॉड करून, म्हणजे गेमच्या फाईलींत आपला बदल करून, घालायचा. थोरल्याला सगळं देणारा कायदा कॉपी केला, नाव बदललं, आणि रँकच्या, म्हणजे वारसांचा क्रम ठरवणाऱ्या, ओळीत थोरला काढून 'दत्तक' लिहिलं. गेम चालू होतो पण कायदा दिसतच नाही. फाईल जोडली आहे. काय चुकतंय? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : भावा, फाईल बघितली. 'दत्तक' हा शब्द बघून आधी पोट धरून हसलो, मग कौतुक पण वाटलं, कारण विचार बरोबर आहे फक्त जागा चुकली आहे.

त्या रँकच्या ओळीला दोनच शब्द कळतात, थोरला किंवा धाकटा. तिसरं काही लिहिलंस की गेम गुपचूप ते बाजूला टाकतो आणि तक्रार एरर लॉगमध्ये लिहून ठेवतो. डॉक्युमेंट्समध्ये पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हचं फोल्डर, त्यात क्रुसेडर किंग्ज ३, त्यात लॉग्ज, तिथं एरर डॉट लॉग. मॉड करणाऱ्यानं गेम चालू झाला की आधी हीच फाईल उघडायची, सकाळी उठल्यावर पेपर बघतो तशी. मी एकदा एक महिरपी कंस बंद करायचा विसरलो होतो तर यादीतले कायदेच गायब झाले, रात्री दोन वाजेपर्यंत सगळ्या ओळी परत परत वाचत बसलो आणि लॉगमध्ये तो ओळ नंबर पहिल्यापासून लिहून ठेवलेला होता.

आता मुद्दा. वारसाहक्काचा कायदा कुणाला वारस बनवत नाही. राजा मरायच्या क्षणाला जो वंशवृक्ष समोर असतो तो कायदा फक्त वाचतो. आधी कुणाकडं बघायचं, पोरांकडं की सगळ्या घराण्याकडं, ही एक ओळ. थोरल्यापासून की धाकट्यापासून, ही दुसरी. सगळं एकालाच की वाटणी, ही तिसरी. बाई चालते का ते वेगळ्या गटात. झालं. दत्तक म्हणजे वंशवृक्षच बदलणं, तेव्हा ते काम कायद्याच्या फाईलचं नाही. कायदा थोरल्याचाच ठेव, हात लावू नको, आणि दत्तकासाठी एक 'डिसिजन' (खेळाडूनं बटण दाबून घ्यायचा निर्णय) लिही, कॉमन फोल्डरमध्ये डिसिजन्स आहे तिथं नवीन फाईल करून.

त्या डिसिजनला अट अशी घाल की राजा जिवंत आहे, पोरगा नाही, आणि दरबारात ठराविक वयाखालचा एक मुलगा आहे. परिणामात मग त्या मुलाचे वडील बदलायचे, 'सेट फादर'. बहुतेक जण इथंच थांबतात आणि इथंच फसतात. वडील बदलले म्हणून घराणं बदलत नाही! पोरगं राजाचं झालं पण आडनाव जुनंच राहिलं, म्हणजे राजा गेला की गादी दुसऱ्या घराण्यात, आणि तुझा गेम ओव्हर. म्हणून पाठोपाठ 'सेट हाऊस' पण लिहायचं. आपल्याकडं दत्तविधानात गोत्र आणि आडनाव एकाच विधीत बदलतं, इथं दोन ओळी लागतात. आई पण बदल, नाहीतर पोरगं जुन्या आईच्या वतनाचा पण हक्कदार राहतं आणि चाळीस वर्षांनी भलत्याच जिल्ह्याचा वारसा तुझ्या अंगावर येतो.

आता कोल्हापूरकराला टोचेल अशी गोष्ट. आपलं सगळ्यात गाजलेलं दत्तक या पद्धतीनं गेममध्ये बसत नाही. १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले, वय तेव्हा दहा पण पूर्ण नव्हतं. पण दत्तक घेतलं कुणी? आनंदीबाई राणीसाहेबांनी. राजे चौथे शिवाजी १८८३ मध्येच अहमदनगरला वारले होते. म्हणजे राजा आधी गेला आणि वारस नंतर ठरला. गेमला हे मधले महिने माहितीच नाहीत, त्याचा हिशेब मृत्यूच्या त्याच क्षणाला संपतो, गादी रिकामी ठेवायची सोयच नाही. तुला हवा तो प्रकार झाशीचा आहे : गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ ला आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, दामोदरराव नाव ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी राजे गेले. हे डिसिजनमध्ये सरळ बसतं. झाशीचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, डलहौसीनं दत्तक नामंजूर केलं. तेव्हा मॉडमध्ये जरा मीठ-मसाला घालायचा असेल तर वरच्या सम्राटाला 'हे दत्तक मान्य आहे का' असा इव्हेंट (पडद्यावर येणारा प्रसंग) जरूर पाठव, नाही म्हणाला तर भाऊबंदांना हक्क मिळू दे. राणीनं मागाहून घेतलेलं दत्तक मात्र सोड, ते ओढून-ताणून बसवायला गेलास तर महिना जाईल.

आणि तुझ्या तीन तुकड्यांचं. सुरुवातीची ती वाटणी नुसती असलेली जमीन वाटत नाही, धाकट्यांसाठी नवीन किताबसुद्धा तयार करते, म्हणून एकाच बापाची पोरं बरोबरीचे राजे होऊन बसतात. थोरल्याला सगळं देणारा कायदा गेममध्ये उत्तर मध्ययुगात, म्हणजे १२०० नंतर उघडतो. १०६६ पासूनच हवा असेल तर त्या कायद्याच्या अटींतलं ते नवशोधाचं (इनोव्हेशनचं) कलम काढ. पण एक सांगू? काढलंस की निम्मी मजा गेली. चालुक्यांचंच बघ ना, १०७६ ला विक्रमादित्य सहावा यानं थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला बाजूला केलं आणि गादीवर बसून स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. थोरलेपणाचा हक्क होता की सोमेश्वराकडं! आणि आपल्या वारणेचा तह, १७३१ चा, तो तरी काय, चुलतभावांची वाटणीच की, वारणेच्या इकडं कोल्हापूरचे संभाजीराजे आणि तिकडं साताऱ्याचे शाहू. त्याच्यावर गेमचा तो वाटणीचा कायदा शोभून दिसतो.

ता.क. मूळ कायद्याची फाईल कॉपी करून मॉडमध्ये त्याच नावानं ठेवली असशील तर गेमचा पॅच (कंपनीनं दिलेली नवी दुरुस्ती) आला की नवीन मूळ फाईलशी जुळवून बघ, नाहीतर जुने कायदे नव्या गेमवर बसतात आणि मग कुठं काय मोडलं ते सापडत नाही.

प्रश्न : मुलगा दिवसभर हेच खेळतो. त्यानं सांगितलं की ह्या गेममध्ये ताराराणींसारखी बाई राज्य करूच शकत नाही. असा कसा गेम? – एक आई, कागल

उत्तर : काकू, मुलगा निम्मं बरोबर सांगतोय. गेममध्ये पाच प्रकार आहेत : फक्त पुरुष, आधी पुरुष, समान, आधी स्त्री, फक्त स्त्री. बहुतेक राज्यं 'आधी पुरुष' वर असतात, म्हणजे मुलगा असेपर्यंत मुलीचा नंबर नाही, आणि 'समान' निवडताना गेम धर्माचं तत्त्व तपासतो. पण ताराराणींचं तसं नव्हतंच. राजाराम महाराज १७०० ला गेले, ताराराणींनी गादीवर मुलगा शिवाजी बसवला आणि कारभार स्वतः हाकला, औरंगजेबाशी लढल्या त्या अल्पवयीन राजाची आई म्हणून. गेममध्ये याला रीजंट म्हणतात आणि ते बाईला करता येतं. १७१४ ला राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराराणी व त्यांचा मुलगा दोघं पन्हाळ्यावर कैदेत गेली. सवतीनं केलेला हा सत्तापालट गेममध्ये कारस्थानाच्या मेनूतून होतो, मुलाला विचारा, तो लगेच दाखवेल, फार खूश होऊन दाखवेल. आणि खेळायची वेळ ठरवून द्या हो, तेवढं मी लिहून देऊ शकत नाही.

प्रश्न : चालू सेव्हमध्ये (जतन केलेल्या डावात) नवीन मॉड घातला तर सेव्ह उडेल का? – राजारामपुरी

उत्तर : नवीन डिसिजन घातलं तर सहसा नाही. नवीन कायदा लावला आणि मग मॉडच काढून टाकला तर हो, कारण सेव्हमधल्या राजाला आता अस्तित्वातच नसलेला कायदा लागू असतो. सेव्हची एक कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव आणि मगच हात घाल.